एक वीत, चार बोटं

नगरपालिकेचं पत्र रविवारी आलं.
हिशेबनीस मसूदने ते आधी अरबीत वाचलं,
मग माझ्यासाठी हिंदीत,
मग पुन्हा मनातल्या मनात, ओठ हलवत.
खाटा चौदाच्या सहा. रात्रपाळी बंद.
डायपर दिवसाला तीनऐवजी दोन.
उरलेल्यांची सोय कुटुंबांनी पाहावी.
कारण: पुनर्रचना.
हा शब्द मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.
तिसऱ्या खेपेला त्यालाही नीट म्हणता येईना.

सूरची खाडी आमच्या खिडकीतून दिसते,
ओहोटीला चिखल, भरतीला आरसा,
आणि पलीकडे गलबतांचा कारखाना, जिथे आता
एकच सांगाडा उभा आहे, पाहुण्यांना दाखवायला.
खमीस आजोबा तिकडे पाठ करून बसतात.
साठ वर्षं त्यांनी गलबतं बांधली,
मोजपट्टीला कधी हात लावला नाही म्हणतात.
इथे आल्यापासून सगळं मोजून झालंय:
खाट नऊ वीत, दार चार,
मी सात आणि वर थोडी.
"तुझ्या मापाचं लाकूड मलबारातून यायचं, सिस्टर.
सरळ. पण कुरकुरायचं फार."
मी मिरजेची म्हटलं तर त्यांना मेराज ऐकू आलं.
तेव्हापासून माझ्या गावाचं नाव
ते छातीवर हात ठेवून घेतात.
मी काही दुरुस्त केलं नाही.

पत्र त्यांनी मागून घेतलं.
अंगठा टेकवला, करंगळी ताणली.
"एक वीत, चार बोटं."
मग उलटं करून पाठ बघितली,
फळीची बघतात तशी, गाठ कुठे आहे का म्हणून.
"आठ माणसं यात बसत नाहीत," म्हणाले,
"बुडेल हे."

बीबी झुवेना जंगबारची.
रात्री दोनला उठते, दिवा लाव म्हणते.
तिच्या स्वाहिलीतलं मला तेवढंच कळतं.
मी दिवा लावते, ती माझ्याकडे बघते,
मी कोण ते तिला आठवत नाही, पण कुणीतरी आहे
एवढं कळलं की झोपते.
पुढच्या महिन्यापासून दोन वाजता
कोण असेल, ते पत्रात नाही.

पत्रात आणखीही काही नाही.
मिरजेत आईच्या उशाशी दुर्पदाबाई झोपते,
महिना नऊ हजार आणि दोन वेळचा चहा.
ते नऊ हजार म्हणजे माझी इथली रात्रपाळी.
इथली गेली की तिथलीही गेली.
शुक्रवारी फोन केला तेव्हा सांगणार होते.
आई म्हणाली, जेवलीस का.
जेवले म्हटलं. मग ती भेंड्यांच्या भावावर बोलत राहिली.

गुरुवारी नासिर आला, पिकअप घेऊन.
वाईट मुलगा नाही. वायूच्या कारखान्यात पाळ्या करतो,
घरात तीन खोल्या, सात माणसं, बायकोची कंबर धरलेली.
चाकांची खुर्ची त्याला मिटता येईना.
लाल खटका दाब, म्हटलं. तो ब्रेकच दाबत राहिला.
गोळ्यांची तीन पाकिटं दिली,
अरबी मला लिहिता येत नाही, म्हणून चित्रं काढली:
अख्खा सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र.
चंद्राची गोळी विसरू नकोस,
नाहीतर रात्रभर लाकूड तासतात,
हवेत, दोन्ही हातांनी.
तो म्हणाला, मला माहीत आहे.
मग म्हणाला, नाही, माहीत नव्हतं.

आजोबांनी पिकअपचं दार मोजलं, मगच बसले.
मागे वळून बघितलं नाही.
मी मात्र त्यांची चादर घडी करताना
उगीच एक वीत टाकून पाहिली.
माझी वीत लहान. हिशेब जमेना.

रात्री साडेनऊला नासिरचा फोन.
"सिस्टर, न्हाणीचं दार अडीच वीत आहे."
"खुर्ची तीन," मी म्हटलं.
तो गप्प. मीही.
मागून ठकठक ऐकू येत होती.
आजोबा चौकट वाजवून बघत असणार,
लाकूड कुठलं,
आणि किती तासता येईल.